कंटेनर जहाजावर चढला कधी? तिमाही हिशेब कसा तयार होतो

समजा, रबाळ्याच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी आहे. रजिस्टर्ड ऑफिस ठाण्यात वागळे इस्टेटला, शेअर्स बाजारात नोंदलेले. २९ सप्टेंबरला संध्याकाळी तिचा एक कंटेनर भरून सील झाला, ४२ लाखांचे इनव्हॉइस निघाले आणि ट्रेलर ठाणे-बेलापूर रोडने न्हावा शेवाकडे निघाला. ३० तारखेला तो बंदराच्या गेटमधून आत गेला. जहाजावर मात्र कंटेनर चढला २ ऑक्टोबरला. ही ४२ लाखांची विक्री जुलै-सप्टेंबर तिमाहीची की ऑक्टोबर-डिसेंबरची?

इनव्हॉइस सप्टेंबरचे आहे, माल कारखान्यातून सप्टेंबरमध्येच गेला आहे, गेट-इनची पावतीसुद्धा सप्टेंबरची आहे. तरीही सौदा एफओबी (फ्री ऑन बोर्ड) अटीवर असेल, तर ही विक्री ऑक्टोबरची. एफओबीमध्ये मालाची जोखीम जहाजावर चढल्यावर ग्राहकाकडे जाते, आणि इंड एएस ११५ या हिशेब मानकानुसार मालावरचे नियंत्रण ग्राहकाकडे गेल्याशिवाय विक्री धरता येत नाही. म्हणून निर्यातीच्या फाइलमध्ये पाहायची ती तारीख बिल ऑफ लेडिंगवरच्या (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरच्या) 'शिप्ड ऑन बोर्ड' शेऱ्याची.

वर्षभर अखंड वाहणारा धंदा एका रात्री बाराच्या ठोक्याला कापायचा आणि प्रत्येक व्यवहार त्या रेघेच्या अलीकडचा की पलीकडचा हे ठरवायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. बेरजा-वजाबाक्या सॉफ्टवेअर करते. चुका होतात त्या या रेघेपाशी. अकाउंट्सच्या भाषेत याला कट-ऑफ म्हणतात, आणि तिमाही हिशेबावर जितके कष्ट घ्यायचे त्यातले निम्मे तरी इथेच घ्यावेत असे आमचे ठाम मत आहे.

त्या कंटेनरकडे पुन्हा येऊ, कारण दुरुस्ती करतानाही हमखास एक चूक होते. विक्री ४२ लाखांची, मालाचा उत्पादन खर्च ३१ लाख. सप्टेंबरमध्ये विक्री चुकून धरली गेली तर नफा ११ लाखांनी फुगतो. चूक लक्षात आल्यावर घाईत ४२ लाखांची विक्री उलटवली जाते, पण तो माल अजून आपलाच आहे हे विसरले जाते. मालसाठ्यात 'गुड्स इन ट्रान्झिट' (वाटेतला माल) म्हणून ३१ लाख परत आणले नाहीत, तर नफा ११ ऐवजी ४२ लाखांनी घटतो. म्हणजे दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा मोठी चूक ठरते. विक्रीची उलट नोंद आणि साठ्याची नोंद एकाच व्हाउचरमध्ये करायची सवय लावली की हा धोका बराच टळतो.

जीएसटीमुळे इथे आणखी एक गोंधळ उडतो. इनव्हॉइस सप्टेंबरचे असल्याने ते सप्टेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये, जाणारच. मग पुस्तकातली विक्री आणि रिटर्नमधली विक्री जुळत नाही. जुळत नाही ते बरोबरच आहे. फरकाचा एक तक्ता करून फाइलला लावायचा: कोणते इनव्हॉइस, किती रकमेचे, कोणत्या अटीमुळे पुढे गेले. रिटर्नशी जुळावे म्हणून पुस्तकातली विक्री बदलणे सर्रास चालते आणि ते साफ चूक आहे.

देशांतर्गत विक्रीलाही हाच न्याय. ग्राहकाच्या गोदामापर्यंत माल पोहोचवून देण्याची अट असेल, तर २८ सप्टेंबरला चेन्नईला निघालेला आणि २ ऑक्टोबरला उतरलेला ट्रक ऑक्टोबरच्या विक्रीत जातो. ट्रान्सपोर्टरकडून पोच सही-शिक्क्याची येईपर्यंत थांबायचे, निदान ट्रॅकिंगची नोंद तरी घ्यायची. महिन्याच्या शेवटच्या ५-६ दिवसांतली सगळी डिस्पॅच चलने आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या ५-६ दिवसांतली चलने एकेक करून तपासली तर बहुतेक घोळ सापडतात.

आता कायद्याची चौकट. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमावलीतल्या नियम ३३ प्रमाणे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात. जून तिमाहीसाठी १४ ऑगस्ट, सप्टेंबरसाठी १४ नोव्हेंबर, डिसेंबरसाठी १४ फेब्रुवारी. वार्षिक निकालाला ६० दिवस, म्हणजे ३० मे. उशीर झाला तर शेअर बाजार दिवसाला ५,००० रुपये दंड लावतो, पण दंडापेक्षा गुंतवणूकदारांच्या मनात उठणारी शंका महाग पडते. हिशेब कोणत्या तत्त्वावर मांडायचा ते इंड एएस ३४ सांगते. ज्या कंपन्यांना इंड एएस लागू नाही त्यांच्यासाठी एएस २५ आहे.

४५ दिवस ऐकायला भरपूर वाटतात. सप्टेंबर तिमाहीच्या ४५ दिवसांत २ ऑक्टोबरची सुट्टी असते, दसरा आजूबाजूलाच असतो आणि दिवाळी बहुतेक वर्षी याच काळात येते. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची, हे अकाउंट्सच्या लोकांना ठाऊक आहे. म्हणून वेळापत्रक शेवटून आखावे. बोर्डाची बैठक समजा ७ नोव्हेंबरला. त्याआधी ऑडिट कमिटीला कागद वाचायला आठवडा हवा. ऑडिटरला तपासणीसाठी १० ते १२ दिवस. म्हणजे १८-२० ऑक्टोबरपर्यंत आकडे पक्के व्हायला हवेत, आणि पहिला ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकींची यादी) ७-८ तारखेलाच निघायला हवा. जी कंपनी दर महिन्याला पुस्तके बंद करते तिला हे जमते. तीन महिन्यांची बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या स्टेटमेंटशी पुस्तकांची जुळवणी) एकदम करायला बसणाऱ्या कंपनीला जमत नाही.

मालसाठ्याची मोजणी ३० तारखेला किंवा तिच्या अगदी जवळ. मोजणी चालू असताना स्टोअर्समधली ये-जा दोन-तीन तास तरी थांबवायची. मोजणी सुरू करण्यापूर्वी शेवटच्या जीआरएनचा (माल मिळाल्याच्या नोंदीचा) नंबर, शेवटच्या डिस्पॅच चलनाचा नंबर आणि शॉप फ्लोअरला दिलेल्या शेवटच्या मटेरियल स्लिपचा नंबर कागदावर लिहून घ्यायचा आणि त्यावर स्टोअरकीपरची सही घ्यायची. हे तीन नंबर नसतील तर नंतर कितीही मोजले तरी साठ्याचा वाद मिटत नाही. दिघ्याला किंवा तुर्भ्याला जॉबवर्कसाठी (बाहेरून प्रक्रिया करून घेण्यासाठी) गेलेला माल आपल्याच साठ्यात येतो, त्याची लेखी खातरजमा जॉबवर्करकडून मागवायची. उलट ग्राहकाने मशीनिंगसाठी पाठवलेला माल आपल्या आवारात असला तरी आपला नाही; तो वेगळ्या जागी, वेगळ्या टॅगने ठेवायचा.

साठ्याच्या किमतीत एक गोष्ट वारंवार चुकते, ती स्थिर खर्चाची. कारखान्याचा तिमाही स्थिर खर्च ६० लाख, नेहमीची उत्पादनक्षमता १२,००० नग, म्हणजे नगामागे ५०० रुपये. तिमाहीत मोठे मशीन बंद पडले आणि ९,००० नगच निघाले. तेव्हा ६० लाखांना ९,००० ने भागून नगामागे ६६७ रुपये चढवायचे नाहीत. ५०० नेच चढवायचे, म्हणजे ४५ लाख उत्पादन खर्चात गेले. उरलेले १५ लाख त्याच तिमाहीत सरळ खर्च. 'पुढच्या तिमाहीत जास्त उत्पादन काढू, भरून निघेल' म्हणून ते साठ्यात लपवून ठेवायला मानक परवानगी देत नाही.

खर्चाच्या बाजूचा कट-ऑफ म्हणजे तरतुदी. सप्टेंबरची वीज वापरून झाली, बिल ऑक्टोबरमध्ये येईल. ३० तारखेचे मीटर रीडिंग घ्यायचे, मागच्या बिलातला युनिटमागचा सरासरी दर लावायचा, डिमांड चार्जेस धरायचे आणि तरतूद करायची. कंत्राटी कामगारांचे बिल, भाडे, वाहतूक, वकिलाची फी, वार्षिक ऑडिट फीचा चौथा हिस्सा, सगळे याच पद्धतीने. गेल्या वर्षभर दर महिन्याला कोणाकोणाची बिले येत होती त्याची यादी काढून शेजारी या महिन्याचा रकाना ठेवला, की कोणते बिल आले नाही ते लगेच दिसते. १ ऑक्टोबरला या तरतुदी उलटवायच्या, नाहीतर खरे बिल आल्यावर तोच खर्च दोनदा पडतो.

माल आला पण बिल नाही, अशा खात्यात जुन्या रकमा साचलेल्या असतात. स्टोअर्सने जीआरएन केला, अकाउंट्सने बिल मात्र जीआरएनला न जोडता थेट खर्चात टाकले. मग जीआरएनचे देणे तसेच लोंबकळत राहते आणि खर्च दुप्पट दिसतो. ९० दिवसांपेक्षा जुनी प्रत्येक ओळ उघडून पाहणे कंटाळवाणे आहे, पण ऑडिटर पहिला हात त्यावरच ठेवतो.

इथपर्यंत वर्षअखेर आणि तिमाही यांत फार फरक नाही. फरक सुरू होतो तो 'कोणता खर्च वर्षभर वाटायचा' या प्रश्नापासून. इंड एएस ३४ चे मूळ तत्त्व असे की तिमाहीला स्वतंत्र कालखंड मानायचे. जो खर्च वर्षाच्या शेवटी पुढे ढकलता आला नसता, तो तिमाहीलाही ढकलायचा नाही; जे उत्पन्न अजून मिळालेच नाही, ते आधी धरायचे नाही. डिसेंबरमध्ये दोन आठवडे कारखाना बंद ठेवून मोठी दुरुस्ती करायची ठरली आहे, बजेट ४० लाख. तीन तिमाह्यांत थोडे थोडे वाटून टाकू, असे मॅनेजमेंटला वाटते. चालत नाही. दुरुस्ती डिसेंबरमध्ये झाली तर खर्च डिसेंबर तिमाहीचा, जून-सप्टेंबरमध्ये त्याची तरतूद नाही. दिवाळी बोनसचे तसे नाही. कामगार तो दर महिन्याच्या कामातून कमावत असतो आणि कंपनीवर तो देण्याचे बंधन असते, म्हणून किमान ८.३३ टक्के असो वा जास्त, त्या त्या तिमाहीचा हिस्सा त्या तिमाहीतच धरायचा. दिवाळीला पैसे हातात पडतात म्हणून सगळा बोनस डिसेंबर तिमाहीत टाकणे ही जुनी खोड आहे.

ग्राहकांच्या सवलतीतही हाच विचार. एखाद्या वितरकाने वर्षात ५ कोटींची खरेदी ओलांडली तर सगळ्या खरेदीवर २ टक्के सूट, असा करार आहे. सहा महिन्यांत त्याने २.८० कोटींचा माल उचलला आणि वर्षअखेर तो मर्यादा गाठेल हे दिसते आहे. मग ५.६० लाखांची सूट आत्ताच विक्रीतून वजा करायची, मार्चची वाट बघायची नाही.

पावसाळ्यात ज्यांचा धंदा मंदावतो किंवा उलट वाढतो, त्या कंपन्यांना मोह होतो की तेजीतली थोडी विक्री मंदीत दाखवावी. तसे करता येत नाही. धंदा हंगामी आहे ही टीप निकालाखाली द्यायची आणि आकडे जसे आहेत तसे ठेवायचे.

स्वतंत्र कालखंडाच्या या तत्त्वाला ठळक अपवाद आहे प्राप्तिकराचा, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण अनुभवी माणसेही यात अडखळतात. कर वार्षिक नफ्यावर लागतो. म्हणून तिमाहीचा कर काढताना संपूर्ण वर्षाचा सरासरी प्रभावी दर अंदाजायचा आणि तो आजवरच्या नफ्याला लावायचा.

आकड्यांत पाहू. कंपनीने सवलतींशिवायचा दर निवडला आहे: २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर मिळून २५.१६८ टक्के. जूनमध्ये वर्षाचा करपूर्व नफा १६ कोटी अंदाजला होता. सीएसआरसारखा (सामाजिक जबाबदारीचा), करात वजावट न मिळणारा खर्च ४० लाख. करपात्र रक्कम १६.४० कोटी, कर ४.१३ कोटी, प्रभावी दर २५.८० टक्के. जून तिमाहीचा नफा ४ कोटी, त्यावर कर १.०३ कोटी धरला. सप्टेंबरमध्ये मोठ्या ऑर्डरी आल्या आणि वर्षाचा अंदाज २० कोटींवर गेला. आता करपात्र २०.४० कोटी, कर ५.१३ कोटी, दर २५.६७ टक्के. सहा महिन्यांचा नफा ९ कोटी, त्यावर कर २.३१ कोटी. त्यातून जूनचे १.०३ कोटी वजा केले की सप्टेंबर तिमाहीचा कर १.२८ कोटी. ५ कोटींच्या नफ्यावर हा दर येतो सुमारे २५.५७ टक्के, जो ना जूनच्या दराशी जुळतो ना सप्टेंबरच्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते काहीतरी चुकले. चुकलेले नाही, सुधारलेल्या अंदाजाचा जूनवरचा परिणामही याच तिमाहीत पडला आहे. जूनचे जाहीर आकडे मागे जाऊन बदलायचे नसतात.

१५ सप्टेंबरला भरलेल्या आगाऊ कराचा (तोवर एकूण ४५ टक्के) या खर्चाशी संबंध नाही. तो भरणा, हा खर्च. कर खात्यात भरलेली रक्कमच खर्च म्हणून टाकलेली पाहायला मिळते, म्हणून सांगितले.

अंदाज लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ग्रॅच्युइटीसाठी मार्चच्या ॲक्च्युअरी (विमागणितज्ञाच्या) अहवालातले गृहीतक चालते, पण व्याजदर बरेच हलले असतील किंवा मनुष्यबळात मोठा बदल झाला असेल तर नवा आकडा मागवायचा. थकीत येण्यावरची तरतूद बिले किती दिवस थकली आहेत त्याच्या तक्त्याने. डॉलरमधले येणे-देणे ३० तारखेच्या दराने पुन्हा मांडायचे. घसारा फक्त वापरासाठी सज्ज असलेल्या मालमत्तेवर, सज्ज झाल्याच्या तारखेपासून. एक अवघड नियम मात्र लक्षात ठेवावा: गुडविलची (दुसरा धंदा विकत घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेची) किंमत एखाद्या तिमाहीत घटवली, तर पुढच्या तिमाहीत परिस्थिती सुधारली म्हणून ती परत वाढवता येत नाही.

आकडे तयार झाले की ते ठरलेल्या नमुन्यात बसवायचे. नफा-तोटा पत्रकात सहा रकाने येतात: ही तिमाही, लगेच आधीची तिमाही, गेल्या वर्षीची हीच तिमाही, यंदाचे आजवरचे महिने, गेल्या वर्षीचे तेवढेच महिने आणि गेले पूर्ण वर्ष. सप्टेंबरला यात ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक यांची भर पडते. ताळेबंदाची तुलना ३१ मार्चशी करायची, रोख प्रवाहाची गेल्या वर्षीच्या सहामाहीशी. हे दोन रकाने उलटसुलट होतात. रोख प्रवाहात आणखी एक ठरलेली चूक: उधारीवर घेतलेले मशीन गुंतवणुकीच्या ओळीत पूर्ण रकमेने दाखवले जाते. पैसे गेलेले नाहीत तोवर ते तिथे येत नाही. भांडवली देणी वेगळी काढल्याशिवाय हा तक्ता कधीच जुळत नाही.

लाखांत पूर्णांक केल्यावर जून अधिक सप्टेंबर बरोबर सहामाही होत नाही, एक-दोनचा फरक राहतो. उपाय सोपा: सहामाहीचा आकडा पूर्णांक करायचा आणि त्यातून जाहीर झालेला जूनचा आकडा वजा करायचा. प्रति शेअर मिळकत तिमाहीचीच द्यायची, चारने गुणून वर्षाची करायची नाही, आणि तळाशी तसे लिहायचे. या तिमाहीत एखादा खर्च एका ओळीतून दुसऱ्या ओळीत हलवला असेल तर जुन्या रकान्यांतही तो हलवायचा. मार्च तिमाहीचे आकडे तर वेगळे काढलेच जात नाहीत. ऑडिट झालेल्या वर्षातून नऊ महिने वजा करून जे उरते ते तिथे येते, आणि तशी टीप द्यावी लागते. म्हणूनच जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये दडपलेली प्रत्येक गोष्ट मार्चच्या रकान्यात वर येते.

तिमाहीला पूर्ण ऑडिट होत नाही, लिमिटेड रिव्ह्यू होतो. ऑडिटर प्रत्येक बिल तपासत नाही. तो विचारणा करतो आणि आकड्यांच्या चालीवरून शंका काढतो, आणि शेवटी लिहितो की हे निकाल मानकांनुसार नाहीत असे वाटण्यासारखे काही आमच्या नजरेस आले नाही. त्याला अपेक्षित असते ते कारण. 'ग्रॉस मार्जिन ३१ वरून २६ टक्क्यांवर का आले?' याला 'कच्चा माल महागला' एवढे उत्तर पुरत नाही. पाचपैकी किती टक्के पोलादाच्या दरामुळे, किती विक्रीच्या मिश्रणामुळे, किती न शोषलेल्या स्थिर खर्चामुळे, हा तक्ता आधीच हातात ठेवावा. तो करताना स्वतःच्या चुका स्वतःलाच सापडतात. उपकंपन्या असतील तर एकत्रित विक्री, मालमत्ता आणि नफा या तिन्हींपैकी प्रत्येकाचा किमान ८० टक्के हिस्सा ऑडिट किंवा रिव्ह्यूखाली आलेला असावा लागतो.

मग ऑडिट कमिटी, मग बोर्ड. सीईओ आणि सीएफओ दोघांनी लिहून द्यायचे असते की निकालात खोटे वा दिशाभूल करणारे काही नाही. बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत निकाल शेअर बाजाराकडे जायला हवेत. बाजार बंद झाल्यावर बैठक संपली तर साधारण ३ तास मिळतात. या अर्ध्या तासात सर्वांत जास्त घडणारा अपघात म्हणजे जुना मसुदा अपलोड होणे. बोर्डात एक टीप बदलते आणि अपलोड करणाऱ्याच्या डेस्कटॉपवर सकाळची फाइल असते. मसुद्याच्या प्रत्येक पानावर तळाशी तारीख-वेळ छापावी, आणि शेवटची फाइल एकाच माणसाच्या ताब्यात असावी. ४८ तासांत वर्तमानपत्रांत जाहिरात: एक इंग्रजी आणि एक नोंदणीकृत कार्यालयाच्या प्रदेशभाषेत, म्हणजे ठाण्याच्या कंपनीसाठी मराठीत.

तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तास होईपर्यंत शेअर खरेदी-विक्रीची खिडकी आतल्या माणसांना आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना बंद असते. ट्रायल बॅलन्स पाहणारा ज्युनियर अकाउंटंटही आतलाच माणूस असतो. कोणाला आकडे कधी दाखवले याची नोंद डिजिटल रजिस्टरमध्ये ठेवावी लागते, ऑडिटरच्या टीमसह. व्हॉट्सॲपवर मसुद्याचा फोटो पाठवणे कितीही सोयीचे वाटले तरी करू नये.

शेअर बाजारात न नोंदलेल्या लहान कंपन्या हे सगळे आपल्यासाठी नाही असे समजतात, तेवढे खरे नाही. मध्यंतरी लाभांश द्यायचा असेल तर जाहीर करण्याआधीच्या तिमाहीअखेरपर्यंतचा नफा पाहावा लागतो. त्या तारखेपर्यंत तोटा असेल तर लाभांशाचा दर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा वर नेता येत नाही. आणि बँकेकडून ५ कोटींपेक्षा जास्त खेळत्या भांडवलाची मर्यादा मालाच्या तारणावर घेतली असेल, तर बँकेला दिलेली तिमाही स्टॉक-डेटर्सची (साठा आणि ग्राहकांकडची येणी यांची) पत्रके पुस्तकांशी जुळतात की नाही हे वार्षिक ऑडिटरला २०२० च्या कारो (ऑडिट अहवालात काय लिहायचे ते ठरवणाऱ्या) आदेशाखाली अहवालात लिहावे लागते. स्टोअर्समधून एक आकडा बँकेला आणि अकाउंट्समधून दुसरा आकडा पुस्तकात, असे चालू असेल तर फरकाची रक्कम तिमाहीनिहाय छापून येते. बँकेला पत्रक पाठवण्याआधी त्या तिमाहीचा साठा, जॉबवर्कचा माल आणि वाटेतला कंटेनर यांचा मेळ घालून घ्यावा, आणि त्या जुळवणीची एक प्रत पत्रकासोबतच फाइल करावी.